सैनिक-खेळाडूला चार वर्षे पुरत नाहीत

प्रति,
श्रीमती रक्षाताई खडसे,
केंद्रीय युवा कल्याण व क्रीडा राज्यमंत्री
आणि खासदार, रावेर लोकसभा मतदारसंघ



देशाचे क्रीडा खाते आणि खानदेशातला एक मतदारसंघ अशा दोन्ही जबाबदाऱ्या 2024 च्या जूनपासून आपल्याकडे एकत्र आल्या आहेत. या पत्राचा विषयही या दोन्हींच्या सांध्यावरचा आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतली हजारो मुले सैन्यभरतीच्या आशेने पहाटे रस्त्यांवर धावतात. त्यांतली काही सैनिक होतात, आणि त्यांपैकी एखाददुसऱ्याच्या अंगी आंतरराष्ट्रीय खेळाडू होण्याची ताकद असते. ही ताकद बहुतेक वेळा त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. ती सैन्यात गेल्यावर, कुणा प्रशिक्षकाच्या नजरेत भरल्यावर कळते, आणि तिला आकार यायला वर्षे लागतात. अग्निपथ योजनेने सैनिकाच्या सेवेला चार वर्षांची मुदत घातली आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: सैनिक-खेळाडूची घडण या मुदतीत बसत नाही. म्हणून सेवेत असताना खेळासाठी निवडल्या गेलेल्या अग्निवीरासाठी वेगळी, लांब मुदत हवी, आणि तिचा आग्रह क्रीडा मंत्रालयाने संरक्षण मंत्रालयाकडे धरायला हवा. हे भावनेच्या भरात मागत नाही. त्यामागे पुरावा आहे, आणि त्यावर घेतले जाणारे आक्षेपही मला माहीत आहेत. दोन्ही क्रमाने मांडतो.

सैनिक आणि खेळाडू यांचे नाते किती जवळचे असू शकते, हे बायथलॉन या खेळात सर्वांत स्पष्ट दिसते. स्कीवरून बर्फात काही किलोमीटर दामटायचे, मध्येच थांबून पाठीवरची रायफल उतरवायची आणि 50 मीटरवरच्या पाच निशाण्यांवर पाच गोळ्या झाडायच्या. झोपून नेम धरायचा असेल तेव्हा निशाणा 45 मिलिमीटरचा, उभ्याने धरायचा असेल तेव्हा 115 मिलिमीटरचा. रायफलीचे वजन किमान साडेतीन किलो. खेळाडू गोळीबाराच्या जागी पोहोचतो तेव्हा छाती भात्यासारखी चालत असते, आणि दंडाला आवळलेल्या पट्ट्यातून नाडीचा प्रत्येक ठोका रायफलीच्या नळीपर्यंत जातो. दोन श्वासांच्या मधल्या स्तब्ध क्षणी घोडा दाबायचा, असे पाच वेळा, आणि तेही अर्ध्या मिनिटाच्या आसपास. एक नेम चुकला तर स्पर्धेच्या प्रकारानुसार 150 मीटरची जादा फेरी मारावी लागते किंवा वेळेत एक मिनिट वाढते. धावण्याचा दम आणि नेमाची शांतता हे एकमेकांच्या विरुद्ध जाणारे दोन गुण एकाच शरीरात नांदवायला शिकणे, हे या खेळाचे सार आहे. हे शिक्षण हंगामामागून हंगाम चालते. नॉर्वेच्या ओले आयनार ब्योर्नडालेनने 2014 च्या सोची ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकले तेव्हा त्याचे वय 40 होते.

या खेळाचा उगमच सैन्यातला. 1924 च्या शामोनी येथील पहिल्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ‘मिलिटरी पट्रोल’ नावाची सैनिकी तुकड्यांची शर्यत झाली. तिच्यातूनच पुढे बायथलॉन आकाराला आले आणि 1960 मध्ये स्क्वॉ व्हॅलीच्या ऑलिम्पिकमध्ये ते स्वतंत्र खेळ म्हणून आले. स्त्रियांसाठी ऑलिम्पिकचे दार 1992 मध्ये उघडले. आजही या खेळातली मोठी नावे गणवेशाशी जोडलेली दिसतात. फ्रान्सच्या मार्टिन फूरकादला तिथल्या सैन्याने सांभाळले. त्याने 2010 च्या ऑलिम्पिकमध्ये पदक मिळवले, आणि 2014 मध्ये सुवर्ण जिंकले. इटलीची डोरोथेया वीरर तिथल्या वित्तीय पोलीस दलातली, तर लिसा विटोझ्झी काराबिनिएरी दलातली. जर्मनीच्या सैन्यात खेळाडूंसाठी स्वतंत्र तुकड्या आहेत. अमेरिकेच्या नॅशनल गार्डचे बायथलॉन केंद्र व्हरमाँट राज्यात आहे. या सर्व देशांनी एकच गोष्ट ओळखली: ज्या खेळात बाजारातून पैसा येत नाही आणि तयारीला मात्र अनेक वर्षे लागतात, तिथे खेळाडूला पगार, प्रशिक्षक आणि निर्धास्त वेळ देऊ शकेल अशी संस्था लागते. गणवेशधारी दले ही ती संस्था होऊ शकतात. या तीन गोष्टींतली वेळ सर्वांत महत्त्वाची, कारण ती नंतर पैसा ओतून विकत घेता येत नाही.

आपल्या देशातही ही परंपरा नवी नाही. गुलमर्गची सैन्याची स्की शाळा 1948 ची; पुढे तीच ‘हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल’ झाली. 2014 च्या सोची ऑलिम्पिकमध्ये नदीम इक्बाल आणि 2018 च्या प्योंगचांग ऑलिम्पिकमध्ये जगदीश सिंग हे दोन भारतीय सैनिक क्रॉस कंट्री स्कीइंगमध्ये उतरले. ऑलिम्पिकच्या बायथलॉनमध्ये मात्र भारताची पाटी अजून कोरी आहे. ती भरायला खानदेशातल्या मुलांकडे पाहावे म्हटले, की पहिला आक्षेप सहज सुचतो: 45 अंशांच्या उन्हाळ्यात भाजून निघणाऱ्या जळगाव-धुळ्याचा आणि बर्फातल्या खेळाचा संबंध काय? आक्षेप वाजवी वाटतो, पण खेळाडू जन्मभूमीच्या हवामानावरून ठरतो, हे त्यातले गृहीतक खरे नाही. ते खोटे पाडणारा माणूस आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातला आहे.

नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे पाण्याच्या टंचाईशी झगडणारे गाव. दत्तू भोकनळ तिथला. वडील विहिरी खणायचे, दत्तूही त्याच कामाला जायचा. 2012 मध्ये तो सैन्यात गेला. नौकानयन हा खेळ असतो, हे त्याला सैन्यात गेल्यावर कळले. पुण्याच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये सैन्याचे नौकानयन केंद्र आहे. तिथे त्याच्या उंचीकडे आणि खांद्यांकडे पाहून त्याला होडीत बसवले गेले. 2016 मध्ये रिओ ऑलिम्पिकला गेलेला भारताचा एकमेव नौकानयनपटू तोच होता, आणि एकेरी शर्यतीत तो तेरावा आला. 2018 च्या आशियाई स्पर्धांत चौघांच्या होडीने सुवर्णपदक जिंकले, त्या चौघांत तो होता. ज्या गावात विहिरीला पाणी लागले तर गुलाल उधळावा अशी स्थिती, त्या गावातून ऑलिम्पिकचा नावाडी निघाला. त्याला गावच्या पाण्याने घडवले नाही, सैन्याने दिलेल्या वर्षांनी घडवले. मग खानदेशात बर्फ पडत नाही, हे कारण कसे टिकावे? आणि आता वर्षांचा हिशेब पाहा: भरती 2012 ची, ऑलिम्पिक 2016 चे, सुवर्ण 2018 चे. आजच्या नियमात त्याची चार वर्षे रिओच्या सुमारास पुरी झाली असती. ज्या सुवर्णपदकाचा आपण अभिमान बाळगतो, ते सहाव्या वर्षाचे फळ आहे.

दुसरे उदाहरण बीड जिल्ह्यातले. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये दाखल झाला. 2013-14 मध्ये तो सियाचीनला होता. नंतर राजस्थानच्या वाळवंटात आणि सिक्कीममध्ये. स्पर्धात्मक धावणे त्याने सुरू केले 2015 मध्ये, सैन्याच्या क्रॉस कंट्री शर्यतींतून, आणि 3000 मीटर स्टीपलचेसकडे तो त्याच्याही नंतर वळला. 2018 च्या सप्टेंबरमध्ये भुवनेश्वरला त्याने 8 मिनिटे 29.80 सेकंदांची वेळ देऊन गोपाल सैनी यांचा 37 वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढे 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने 8 मिनिटे 11.20 सेकंदांत रौप्य मिळवले. सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या विसाव्या हिश्शाने. 2023 मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण, आणि 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या स्टीपलचेसची अंतिम फेरी. तिथवर पोहोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. त्याच्या सेवेची पहिली चार वर्षे वेगळी काढून पाहिली, तर त्यांत सीमेवरची खडतर ड्यूटी आहे, धावण्याची नुकतीच झालेली सुरुवात आहे. एकही राष्ट्रीय विक्रम नाही, एकही आंतरराष्ट्रीय पदक नाही. चौथ्या वर्षी त्याच्या कागदांवरून निर्णय घ्यायचा असता, तर त्याच्या पायांत काय दडले आहे ते कोणत्या कागदावर दिसले असते? लंडन ऑलिम्पिकमध्ये 2012 साली पिस्तूल नेमबाजीत रौप्य मिळवणारे विजय कुमार 2001 मध्ये सैन्यात आले होते. अशा सैनिकांची गोष्ट तपासली, की हीच मोठी कालरेषा पुन्हा पुन्हा समोर येते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. चोपडा, यावल, रावेरच्या सातपुड्यालगतच्या पट्ट्यात आणि शिरपूर, साक्रीच्या डोंगराळ भागात पावरा, भिल्ल, तडवी, कोकणा समाजाची मुले चढउतारावरच लहानाची मोठी होतात. या माणसांचा काटकपणा दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांनीही हेरला होता. जेम्स आउट्रमने 1825 मध्ये खानदेश भिल्ल पलटण उभारली आणि तिचे ठाणे धरणगावला होते. याच सातपुड्यात पुढे खाज्या नाईकांनी इंग्रजांना झुंजवले. आज आपल्याच मतदारसंघातल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत सैनिकांच्या रायफलीच्या गोळ्या तयार होतात. दमही इथला, दारूगोळाही इथला. पण या दमाची नोंद कुठे होते? सैन्यभरतीची शारीरिक चाचणी घ्या. 1600 मीटर धावणे साडेपाच मिनिटांच्या आत पुरे करणाऱ्याला पूर्ण 60 गुण मिळतात. पाच मिनिटे एकोणतीस सेकंदांना धापा टाकत पोहोचणारा आणि साडेचार मिनिटांत सहज फेऱ्या संपवून उभा राहणारा, दोघांचे गुण सारखेच. सैनिक निवडायला हे योग्य आहे, कारण तिथे किमान पात्रता पाहायची असते. पण त्या दोघांमधला मिनिटाचा फरक हीच खेळाडूची ओळख असते, आणि ती त्याच मैदानावर पुसली जाते. शिवाय 2023 पासून आधी ऑनलाइन लेखी परीक्षा आणि मग मैदान असा क्रम झाला आहे. लेखीत मागे पडलेला, पण पाय विलक्षण असलेला मुलगा आता त्या मैदानापर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे आपल्या भागातल्या गुणवान धावपटूला पहिल्यांदा कुणी ओळखायचे असेल, तर ते बहुधा सैन्यात गेल्यानंतरच. आणि तिथे त्याला मिळणार चार वर्षे.

या चार वर्षांचा हिशेब शांतपणे मांडून पाहावा. अग्निपथ योजना 14 जून 2022 ला जाहीर झाली. साडेसतरा ते एकवीस या वयात भरती, चार वर्षे सेवा, आणि त्यानंतर जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीरांना कायम सेवेत घेणे, असे तिचे स्वरूप जाहीर झाले. पहिल्या तुकड्यांचे प्रशिक्षण 2023 च्या सुरुवातीला चालू झाले. या चार वर्षांतले पहिले काही महिने मूलभूत प्रशिक्षणात जातात. मग पलटणीत रुजू होणे, पहिली नेमणूक, बहुधा खडतर ठिकाणची. त्यात पलटणीच्या स्पर्धेत कुणाच्या नजरेत भरणे, वरच्या संघात निवड होणे, क्रीडा केंद्रात बदली होणे, यात दुसरे वर्ष सरते, कधी तिसरेही. खेळाचे खरे शास्त्रशुद्ध शिक्षण सुरू होते तेव्हा हाती एक-दीड वर्ष उरलेले असते. केळीच्या बागेला मशागत, खते, पाणी सगळे द्यायचे आणि घड निसवायच्या महिन्यात ठेक्याची मुदत संपली म्हणून शेत मोकळे करायचे, असा व्यवहार रावेर-यावलचा कोणताही शेतकरी करणार नाही. त्यात पैसा वाचत नाही, आधी घातलेलाही बुडतो. बायथलॉन, नौकानयन, लांब पल्ल्याचे धावणे, नेमबाजी या सर्व खेळांत पंचविशीनंतरची वर्षे सोन्याची असतात. अग्निवीर मात्र साडेएकवीस ते पंचवीस या वयात घरी परतलेला असेल.

यावर पहिले उत्तर असे दिले जाते की उत्तम खेळाडूंसाठी सैन्यात थेट हवालदार किंवा नायब सुभेदार म्हणून प्रवेशाची सोय आहेच. सोय आहे आणि ती चांगलीही आहे. नीरज चोप्रा 2016 मध्ये नायब सुभेदार म्हणून सैन्यात आले ते याच वाटेने. त्या वर्षी ते ज्युनिअर विश्वविजेते झाले होते. पण ही वाट आधीच घडलेल्या खेळाडूसाठी आहे. हातात राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय यशाचे प्रमाणपत्र असेल तर दार उघडते. भरतीच्या दिवशी दत्तू भोकनळकडे कोणते प्रमाणपत्र होते? अविनाश साबळेकडे कोणते होते? दोघेही साधे शिपाई म्हणून आले, पोटापाण्यासाठी आले. थेट प्रवेशाची योजना त्यांना दारातच ओळखू शकली नसती, कारण त्या दिवशी ओळखण्यासारखे काही कागदावर नव्हतेच. घडलेला खेळाडू सैन्यात आणणे आणि सैन्यात आलेल्या मुलातून खेळाडू घडवणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिल्यासाठी नियम आहे. दुसरे काम आजवर कायम सेवेच्या आधाराने आपोआप होत होते. तो आधार निघाल्यावर त्याच्यासाठीही नियम करावा लागेल. नाहीतर शहरातल्या अकादमीत लहानपणापासून शिकलेल्यालाच वाट उरेल, आणि साक्रीच्या पाड्यावरच्या मुलासाठी ती बंद होईल.

दुसरे उत्तर: खरोखर गुणवान असेल तो 25 टक्क्यांत येईलच. इथे मोजमाप कशाचे, हा प्रश्न आहे. कायम सेवेसाठीची निवड सैन्याची गरज आणि सैनिक म्हणून केलेली कामगिरी यांवर व्हावी, हे रास्तच आहे. पण जो मुलगा वर्षातले अनेक महिने सराव शिबिरात आहे, तो पलटणीच्या रोजच्या कामात कमी दिसणार. खेळात अजून त्याचे नाव झालेले नाही आणि पलटणीत त्याची हजेरी कमी. अशी दोन्हीकडून त्याची बाजू लंगडी पडते. हुशार तरुण हे ताबडतोब ओळखेल, आणि कायम नोकरीची आशा धोक्यात घालून शिबिरात जायचे टाळेल. त्याला दोष देता येणार नाही. घरी म्हातारे आईबाप आणि दोन-तीन एकर कोरडवाहू कापूस असताना कुणीही तसेच करेल. तिसरे उत्तर असते केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतल्या राखीव जागांचे. त्या दलांचेही उत्तम क्रीडासंघ आहेत, हे मान्य. पण पुन्हा अर्ज, पुन्हा परीक्षा, पुन्हा मूलभूत प्रशिक्षण, नवे दल, नवा प्रशिक्षक. यात दीड-दोन हंगाम जातात. सहनशक्तीच्या खेळात सराव मधोमध तुटला की शरीर मागच्या पायरीवर येते, आणि बायथलॉनसारख्या खेळात तर नेम आणि श्वास यांची बसलेली सांगड पुन्हा पहिल्यापासून बसवावी लागते.

सर्वांत गंभीर आक्षेप सैन्याच्या बाजूचा आहे, आणि त्याचा आदर ठेवूनच बोलायला हवे. सैन्य देशाच्या रक्षणासाठी आहे; पदके मिळवणे हे त्याचे काम नाही. तरुण, चपळ सैन्य हवे म्हणून अग्निपथ आणली. तिच्यात एकाला सूट दिली तर दहा जण सूट मागतील. माझी मागणी अग्निपथ बदला अशी नाही. त्या योजनेचे गुणदोष हा निराळा, मोठा विषय आहे. मी बोलतो आहे ते देशभरातल्या काहीशे तरुणांबद्दल, ज्यांना सैन्याच्याच प्रशिक्षकांनी, सैन्याच्याच स्पर्धांतून निवडलेले असेल. संख्या इतकी कमी आहे की सैन्याच्या सरासरी वयावर तिचा परिणाम होणार नाही. आणि सैन्याने खेळाला स्वतःचे काम मानले आहे, हे त्याच्याच कृतीतून दिसते. पुण्याची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट 2001 मध्ये ऑलिम्पिक पदकांचे ध्येय ठेवून सुरू झाली. महूला, म्हणजे धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने इंदूरकडे जाताना लागणाऱ्या छावणीत, सैन्याचे नेमबाजी केंद्र आहे. लहान मुलांसाठी बॉइज स्पोर्ट्स कंपन्या आहेत. इतके उभारून ठेवल्यावर त्यातून घडणाऱ्या माणसाला मध्येच घरी पाठवणे हे सैन्याच्याही हिताचे नाही. शिवाय बर्फात तासन्‌तास दम टिकवणारा, धाप लागलेली असतानाही नेम न चुकणारा सैनिक सियाचीनच्या देशाला केवळ पदकासाठी हवा असतो का? बायथलॉनपटूचा सराव आणि उंच पर्वतावरच्या जवानाचा सराव यांत फार थोडे अंतर आहे.

एक आक्षेप आपल्या मंत्रालयाच्या बाजूनेही येऊ शकेल: खेलो इंडियामुळे आता लहान वयातच गुणवत्ता हेरली जाते, मग सैन्यात उशिरा शोधण्याची गरज काय? खेलो इंडियाने बरेच साधले आहे, हे नाकारायचे कारण नाही. पण उशिरा फुलणारी गुणवत्ता ही काही अपवादाची बाब नाही. सहनशक्तीच्या खेळांत तर ती नेहमीची आहे. भोकनळ एकविसाव्या वर्षी सैन्यात गेला आणि मग होडीत बसला. साबळे शाळेसाठी रोज कित्येक किलोमीटर चालत-धावत जायचा. तिथे कुणीही त्याची वेळ मोजली नाही. शालेय स्पर्धांचे जाळे कितीही विणले तरी कापूस वेचणीच्या दिवसांत शेतात असणारी, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आईबापांबरोबर जाणारी मुले त्यातून सुटणारच. त्यांना दुसरी संधी देणारी एकच मोठी व्यवस्था आजवर होती, ती म्हणजे सैन्य. ती टिकवण्यात खेलो इंडियाचा कमीपणा नाही. उलट तिच्यामुळे त्या योजनेतून निसटलेले मूल पुन्हा गवसते. मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी अवघड आहे, कारण अग्निवीर म्हणून भूदलात त्यांना आजवर लष्करी पोलीस दलाचेच दार उघडे राहिले आहे. सैन्यातल्या खेळाचा विस्तार होईल तेव्हा त्यांचा वाटाही आधीपासून धरलेला असावा.

म्हणून आपल्याकडे तीन गोष्टी मागतो. पहिली आणि मुख्य: संरक्षण मंत्रालयाशी बोलून असा नियम करून घ्यावा, की चार वर्षांच्या आत सैन्याच्या मान्यताप्राप्त क्रीडा केंद्रात निवडल्या गेलेल्या अग्निवीराची सेवा निवडीच्या दिवसापासून पुढे निदान दोन ऑलिम्पिक चक्रे, म्हणजे आठ वर्षे, वाढेल, त्याची गणना 25 टक्क्यांच्या बाहेर होईल, आणि दर दोन वर्षांनी त्याच्या प्रगतीची तपासणी होईल. प्रगती नसेल तर त्याने पलटणीत परतावे. ही तपासणी असली की सवलतीचा गैरवापर होईल ही भीती उरत नाही. दुसरी: भरतीच्या मैदानावर 1600 मीटरची प्रत्येकाची नेमकी वेळ नोंदवली जावी, आणि ठरावीक वेळेच्या आत धावणाऱ्यांची यादी, ते भरती झाले असोत वा नसोत, क्रीडा प्राधिकरणाला मिळावी. यासाठी नवे मैदान नको, नवी इमारत नको. घड्याळ आणि वही पुरेशी आहे. तिसरी: जळगाव आणि धुळ्यात खेलो इंडियाचे एक-एक केंद्र सहनशक्तीचे धावणे आणि एअर रायफल नेमबाजी या जोडीला वाहिलेले असावे, आणि ते चालवायला निवृत्त सैनिक-खेळाडू नेमावा. भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना तिथे मुक्त प्रवेश असावा. नेम आणि दम एकत्र शिकलेला मुलगा पुढे गुलमर्गला गेला तर बर्फ त्याला एका मोसमात शिकता येईल. बाकीचे तो इथून घेऊन गेलेला असेल.

रक्षाताई, पहिल्या अग्निवीरांच्या चार वर्षांचा शेवट आता दूर नाही. त्यांच्यात आज क्रीडा केंद्रांत सराव करणारी मुलेही असतील. त्यांच्याबाबतचा निर्णय मुदत संपल्यावर झाला तर त्या पहिल्या तुकडीच्या उपयोगाचा राहणार नाही, कारण घरी परतून कामधंद्याला लागलेल्या खेळाडूला पुन्हा शिबिरात आणणे जवळपास अशक्य असते. आपण सरपंचपदापासून इथवर आला आहात. गावातल्या मुलाला एक नोकरी मिळणे म्हणजे काय आणि ती जाणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. म्हणूनच हा विषय आपण स्वतः हाती घ्यावा, संरक्षण मंत्रालयाबरोबर संयुक्त बैठक बोलवावी, आणि पहिली तुकडी घरी परतण्याआधी क्रीडा-सेवेचा स्वतंत्र नियम जाहीर करून घ्यावा, ही विनंती. जळगाव आणि धुळ्याची मुले पळायला तयार आहेत. त्यांना पुरेसा वेळ देणे सरकारच्या हातात आहे, आणि त्यासाठी शब्द टाकणे आपल्या.

आपला नम्र,
खानदेशातील एक नागरिक